अतिथी देवो भव, मंगळवार सोडून

आमच्या छत्रपती संभाजीनगरला राज्याची पर्यटन राजधानी म्हणतात. राजधानी म्हटली की खातं आलं, खातं म्हटलं की कर्मचारी आले. त्या खात्यातला चतुर्थ श्रेणी कर्मचारी म्हणजे मी. पगार नाही, टीए-डीए नाही, आणि दिवाळीत नि मे महिन्यात रजा तर मुळीच नाही. या गावात स्वतःचं घर असणं आणि पुण्या-मुंबईकडं नातेवाईक असणं, एवढ्या दोन अटींवर ही नेमणूक होते. ती तहहयात असते.

शासन पर्यटकांसाठी काय काय करतं याच्या बातम्या मी नेमानं वाचतो. धोरण येतं, आराखडा येतो, आराखड्याचा सुधारित आराखडा येतो, निधी प्रस्तावित होतो. चांगलंच आहे. पण पहाटे स्टेशनवर उतरलेल्या माणसाला स्कूटरवर मागं बसवून, त्याची बॅग पुढं पायात घेऊन घरी कोण आणतं? 'काही विशेष करू नका हं' असं तीन-तीनदा बजावणाऱ्या मंडळींसाठी पुरण कोण घालतं? आमची ही म्हणते, 'अहो, तुमच्या त्या खात्याला म्हणावं, निदान गॅस सिलिंडर तरी द्या.'

बाहेरगावच्या माणसाला वाटतं, तिकीट काढलं, बॅग भरली की झालं पर्यटन. आमच्याकडं पाव्हण्याची तारीख आधी नळाशी जुळवावी लागते. नाथसागर काठोकाठ भरल्याचे, जायकवाडीचे दरवाजे उघडल्याचे फोटो पेपरात झळकत असतात, आणि ते बघत आम्ही ड्रमात किती उरलंय याचा अंदाज घेत बसतो. गल्लीत कुणी 'आले का?' असं विचारलं तर पाव्हण्याबद्दल असतं, 'आलं का?' विचारलं तर पाण्याबद्दल. दोन्ही एका दिवशी आले तर ही देवापुढं साखर ठेवते.

नळाशी पत्रिका जुळली की पुढची अडचण वारांची. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. आमच्या घरात हे पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं असतं. आता आमचे दाजी. ते श्रावणात, जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा ताईला, भाच्याला आणि स्वतःच्या आईला घेऊन आले. येताना लॅपटॉपवर रकाने पाडून कार्यक्रम आखून आणला होता. सोमवार: अजिंठा. मंगळवार: वेरूळ. मी म्हटलं, 'दाजी, नेमकं उलटं करा, दोन्ही होतंय.' दाजींनी चष्मा काढला. 'पण मग दोन्ही एकाच दिवशी बंद का ठेवत नाहीत? लक्षात ठेवायला किती सोपं!' पुण्याच्या माणसाशी वाद घालू नये असं आमच्या आजोबांपासून चालत आलेलं आहे. मी फक्त सोमवारी सकाळी गाडी वेरूळच्या रस्त्याला लावली.

श्रावणातला सोमवार, वेरूळला घृष्णेश्वर, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. अख्खा जिल्हा त्याच रस्त्यानं निघालेला. त्यात दौलताबादला किल्ल्याचा दिल्ली दरवाजा येतो. तो बांधला त्या काळी हत्ती, घोडे नि पालख्या जायच्या. एसटी, टेम्पो, ट्रॅव्हल्सची बस आणि नव्वद अंशांत आडवी घातलेली एक स्विफ्ट असं एकदम त्यातून जाईल, ही कल्पना यादवांनाही नसणार आणि सुलतानांनाही. आम्ही अडकलो ते अडकलोच. तेवढ्यात खिडकीला टकटक झाली. एक पोरगा पेरू घेऊन उभा. फोडीवर तिखट-मीठ घातलेलं, कागदाचा तुकडा, वर 'साहेब, लई गोड हायेत, खाऊन बघा आधी' असा आग्रह. त्याच्या मागं भाजलेल्या कणसांची बाई, तिच्या मागं पाण्याच्या बाटल्या. कुठल्या आराखड्यात नाही, कुणी भूमिपूजन केलेलं नाही, तरी दर दहा फुटांवर सुविधा हजर. दाजींच्या आईंनी तर तीन पेरू पदरात बांधून घेतले.

खिडकीबाहेर दिल्ली दरवाजा आणि आत दाजींचे प्रश्न. अशा वेळी मला महंमद तुघलकाची फार आठवण येते. 1327 च्या सुमाराला त्यानं राजधानी दिल्लीहून इथं हलवली. शाळेत आपण त्याला वेडा म्हणून पाठ केलं नि मोकळे झालो. पण जरा पर्यटन खात्याच्या नजरेनं बघा. दिल्लीपासून इथवर रस्ता, दुतर्फा झाडं, ठरावीक अंतरावर मुक्कामाची सोय, निघणाऱ्याला तिजोरीतून पैसे. इब्न बतूतानं त्या रस्त्यावरच्या झाडांचं वर्णन लिहून ठेवलंय. सावली, मुक्काम आणि अनुदान, सगळं सातशे वर्षांपूर्वी एकाच योजनेत! यायचंय का, एवढं तेवढं लोकांना विचारायचं राहिलं. आणि काही वर्षांनी त्यानं सगळ्यांना परत जायची मुभाही दिली. ही शेवटची तरतूद आमच्या खात्यात अजून आलेली नाही.

वेरूळला तिकीट खिडकीवर माणशी 40 रुपये, आणि मोबाइलवरून काढलं तर 35. हे पाच रुपये दाजींच्या नजरेला पडले आणि माझा अर्धा दिवस गेला. भिंतीवरचा चौकोन स्कॅन करायला अंगावर ऊन घेत उभे राहिलो. रेंज येईना. दाजी फोन उंच धरून पार्किंगकडं गेले, तिथं रेंज आली तर चौकोन लांब राहिला. मग चौकोनाचा फोटो काढून आणला. पैसे भरायची वेळ आली तर ओटीपी ताईच्या नंबरवर, आणि ताईचा फोन आमच्या घरी फ्रिजवर चार्जिंगला. हिला फोन लावला. ती पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानं तिनं आकडे वाचून दाखवले तोवर त्यांची मुदत संपली. दरम्यान खिडकीवरची रांग संपून गेली होती आणि आतला माणूस आमच्याकडं कौतुकानं बघत बसला होता.

शेवटी रोख पैसे देऊनच तिकिटं काढली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही असं वाचल्यावर दाजी भाच्याकडं वळले आणि म्हणाले, 'वाकून उभा राहा.' भाच्याला मिशी फुटलेली. त्यानं साफ नकार दिला. तेवढ्यात शेजारचा परदेशी पाव्हणा 600 रुपये मोजताना दिसला, तेव्हा कुठं दाजींचा चेहरा खुलला. राष्ट्रप्रेम असं अचानक दाटून येतं.

कैलास लेण्यासमोर मात्र सगळे गप्प होतात. हे मी कितीतरी पाव्हण्यांच्या बाबतीत बघत आलोय. चप्पल तुटलेली असू दे, नवरा-बायकोचं भांडण चालू असू दे, सोळाव्या लेण्यात पाय टाकला की मान आपोआप वर जाते. मग मी माझं भाषण सुरू करतो. आठवं शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, अखंड डोंगर, आधी कळस मग पाया, सुमारे दोन लाख टन दगड काढला म्हणतात. दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

'एवढा दगड गेला कुठं?'

'रस्त्याला वापरला असेल,' मी दमलो होतो.

'मग रस्ता असा का?'

यावर राष्ट्रकूटही निरुत्तर झाले असते.

मंगळवारी अजिंठा. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी सोडायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जायचं. दाजींना हे आवडलं नाही; मला पूर्ण पटतं. गाड्यांचा धूर चित्रांपासून लांब राहिलेलाच बरा, आणि आत उजेड मंद ठेवतात तोही त्या रंगांच्या भल्यासाठी. पण पद्मपाणीसमोर उभं राहून दाजींच्या आई म्हणाल्या, 'लाइट गेलेत का रे?' मी हो म्हटलं. मराठवाड्यात हे कारण कुणालाही लगेच पटतं.

अजिंठ्याचा पहिला गाजलेला पर्यटक म्हणजे जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी. 1819 साली शिकारीला आला, लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव नि तारीख कोरून गेला. तेव्हापासून आपल्याकडचे तरुण ही परंपरा बदामाचं चित्र जोडून चालवतात. पुढं जपानच्या कर्जातून लेण्यांच्या पायथ्याशी मोठं अभ्यागत केंद्र झालं, आत निवडक लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. गर्दी तिकडं वळावी, खऱ्या चित्रांना श्वास घेता यावा, हा विचार झकास होता. पण पाणी नि विजेची बिलं थकली आणि ते मध्यंतरी बंद पडलं. दोन हजार वर्षं विजेशिवाय काढलेली खरी लेणी चालू, आणि नकली लेणी बिलापायी बंद.

तरी अजिंठा-वेरूळचं नशीब थोर. 1983 सालीच जागतिक वारशात नाव लागलं, त्यामुळं निदान कुणीतरी साहेब फिरकतो. तिकडं परंडा, औसा, उदगीर, कंधार असे एकाहून एक किल्ले आहेत. नळदुर्गला बोरी नदीला पूर आला की नर आणि मादी असे दोन धबधबे पाणीमहालावरून कोसळतात. तेरला दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार चालायचा. तो रोमन व्यापारी पाटी बघत आला असता तर आजतागायत पोचला नसता.

अशाच एका किल्ल्यावर माझ्या मावशीला घेऊन गेलो होतो. कुठला ते सांगत नाही, उगाच किल्लीवाल्याची बदली व्हायची. दारातच 'पर्यटकांच्या सोयीसाठी' बांधलेलं नवंकोरं स्वच्छतागृह. बाहेर काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला, तिच्यावर मान्यवरांची इतकी नावं की शेवटच्या दोघांना बारीक अक्षरात बसवलेलं. दाराला कुलूप. मावशीला मधुमेह, थांबणं शक्य नव्हतं. शोधाशोध केल्यावर लिंबाखाली किल्लीवाला सापडला.

'मामा, तेवढं कुलूप काढता का?'

'न्हाई जमत.'

'का हो?'

'पाव्हणं, उघडं ठेवलं की लोकं आत जातेत.'

मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याचंही चुकत नव्हतं. 'आत पाणी न्हाई, झाडायला माणूस न्हाई. घाण झाली की मलाच बोलतेत. बंद हाय तवर एकदम चकाचक हाय बघा.' आणि त्यानं खरंच आम्हाला जाळीतून आतल्या पांढऱ्या फरश्या दाखवल्या. शेवटी चहाच्या टपरीवरच्या बाईनं मावशीची चुळबुळ पाहिली. 'या माय, हिकडं घरात या,' म्हणून स्वतःच्या घराच्या परसात घेऊन गेली, हात धुवायला तांब्या भरून दिला, वर चहाचे पैसे घेईना. तिच्या नावाची कोनशिला मी कुठं बघितलेली नाही.

सरकारला जमत नाही असंही नाही हो. फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 ची महिलांची बैठक आमच्या शहरात झाली, तेव्हा भिंती रंगल्या, दुभाजकांत झाडं आली, चौकाचौकांत रोषणाई झाली. आम्ही रात्री जेवण उरकून आपलंच गाव बघायला निघायचो. ही म्हणाली, 'ताईंना म्हणावं, पुढच्या वेळी जपानवरून या.'

दाजी परत गेले. रात्री भाच्यानं मला त्यांचे अभिप्राय फोनवर पाठवले. फर्दापूरची बस: दोन तारे. पेरू: पाच तारे. कैलास लेणं: तीन तारे, 'भव्य आहे, पण बसायला बाक कमी.'

ते वाचून मला एक विचार सुचला. शासनाची निवास व न्याहारी योजना आहे. आपल्याच घराच्या दोन खोल्यांची रीतसर नोंदणी करायची, पर्यटक ठेवायचे आणि राजरोस पैसे घ्यायचे. इतकी वर्षं फुकट केलं, आता खात्यात पगारावर लागू. मी अर्जाची माहिती काढून आणली, हिच्यापुढं ठेवली. तिनं आधी विचारलं, पैसे देणाऱ्याला 'आज पाणी आलं नाही' असं सांगता येईल का? मी म्हटलं, टँकर मागवू. मग तिनं माझा फोन घेतला, दाजींचे अभिप्राय पुन्हा एकदा वर-खाली करून वाचले आणि तो माझ्या हातात परत देत म्हणाली,

'अहो, कैलासाला तीन देणारा माणूस आपल्या गादीला किती देईल?'