ओट्टाक्रिंगचा वेफर, कुंभारवाड्याची भट्टी

धारावीच्या पुनर्विकासावरून आमच्या घरच्या ग्रुपवर महिनाभर वाद चाललाय. मावसभाऊ म्हणतो, "घरं जरूर द्या, पण ते भंगार, चामडं, भट्ट्या आधी शहराबाहेर काढा." बरेच जण त्याला अंगठ्याचा लाइक देऊन मोकळे झाले. मला ते पटत नाही.

मी व्हिएन्नात ओट्टाक्रिंगला राहते. वारा इकडचा असला की सकाळी खिडकी उघडताच भाजलेल्या वेफरचा वास घरात येतो. १८९० पासूनच्या मानर कंपनीचा कारखाना इथून जवळच, भर वस्तीत आहे. भिंतीला भिंत लावून लोकांची घरं. त्याच्या ओव्हनची वाया जाणारी उष्णता आता शहराच्या हीटिंगच्या पाइपांत सोडतात आणि त्यावर आसपासची सुमारे ६०० घरं, दुकानं उबदार राहतात. हे आपोआप टिकलेलं नाही. घरांच्या जमिनीला कारखान्याच्या जमिनीपेक्षा जास्त भाव मिळतो, त्यामुळे इथेही कारखान्यांवर डोळा असतोच. म्हणून २०१७ मध्ये व्हिएन्नाने 'उत्पादक शहर' हे धोरण आणलं: काही जागा फक्त कामधंद्यासाठी राखीव, काही पट्ट्यांत काम आणि घरं एकत्र.

आपल्याकडे असं राखलं नाही, त्याची किंमत मी लालबागला पाहिली आहे. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. चाळीत घड्याळापेक्षा भोंग्यावर जास्त भरवसा. समोरच्या खोलीतल्या काकी तीन पाळ्यांच्या माणसांना जेवू घालायच्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पाठोपाठ काकींची खानावळही गेली. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि तेवढाच स्वस्त घरांसाठी ठेवला होता. २००१ मध्ये तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. मग टॉवर आणि मॉल उभे राहिले. काकींच्या मुलाला त्या मॉलमध्ये काम मिळालं, पण सुरक्षारक्षकाचं.

धुराबद्दल मावसभावाचं म्हणणं खोटं नाही. धारावीतल्या कुंभारवाड्यात चिंध्यांवर भट्टी पेटली की डोळे चुरचुरतात, आणि तान्ही मुलं त्याच गल्लीत झोपलेली असतात. पण मग धूर घालवावा, कुंभाराला का घालवायचं? गॅसची सामाईक भट्टी, उंच धुराडं, आवाजाची आणि वासाची मोजणी, हे सगळं करता येण्याजोगं आहे. कचरा जाळणारी स्पिटेलाऊची भट्टी तर व्हिएन्नाच्या ऐन शहरात उभी आहे.

गेल्या डिसेंबरात कुंभारवाड्यात गेले होते. एक बाई ओल्या पणत्या फळीवर मांडत होती आणि फळी भरली की उचलून अंगणात उन्हाला ठेवत होती. घराच्या दारापासून अंगण चार पावलांवर. पुनर्विकासाच्या नकाशात ती चार पावलं कुठे आहेत, ते मला बघायचंय. तळमजल्यावर कामाची जागा, वजन पेलणारी फरशी, मालाची मोठी लिफ्ट, टेम्पो उभा राहील एवढी गल्ली, हे सगळं त्यात हवं. सातव्या मजल्यावरच्या खोलीत ती ओली माती कशी चढवणार?