विश्वास मोजायचे माप कोणाच्या हाती आहे?

आज सकाळच्या घरप्रार्थनेतून मी शेवटचे ‘आमेन’ न म्हणताच उठून आलो. दुपार टळली तरी राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका मावशींचा एकुलता एक मुलगा दीड महिन्यापूर्वी गेला. दोन वर्षे त्याचे डायलिसिस चालू होते, आणि त्या काळात मावशींनी किती उपवास केले, किती रात्री गुडघ्यांवर काढल्या, हे जालन्यातल्या आपल्या बहुतेक घरांनी पाहिले आहे. आज त्यांच्याच घरात, त्यांनीच अंथरलेल्या सतरंजीवर बसून, बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय उघडला. संशय धरणारा माणूस वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा असतो, हे वचन त्यांनी वाचले आणि मावशींकडे पाहून म्हणाले, “कुठेतरी विश्वास कमी पडला असेल, ताई. स्वतःला तपासून पाहा.” मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि चहा टाकायला आत गेल्या. प्रचारकांनी तो चहा घेतला, वर साखर मागितली.

मला त्या क्षणी माझी आजी आठवली. तिचे माहेर बेथेलच्या बाजूचे, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती गावाकडचे. तिला अक्षरओळख नव्हती. आजोबा शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत आणि ती ऐकत असे. तिची प्रार्थना भाकरी थापता थापता चालायची, डोळे उघडे ठेवून, कारण डोळे मिटले तर भाकरी करपते. “देवा, पीठ संपत आलंय, तुला दिसतंच हाय,” एवढ्यावर कित्येकदा तिची प्रार्थना संपत असे. पाहुणे आले म्हणून तिचा आवाज कधी चढला नाही.

१९७२च्या दुष्काळात ती आजोबांबरोबर खडी फोडायला जात होती. सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांवर घर चालले होते. त्या उन्हाळ्यात तिचा तीन वर्षांचा मुलगा, माझा काका, हगवण लागून गेला. तो आजारी असताना तिने प्रार्थना केली नसेल का? केली होती, मावशींनी केली तशीच. मग तिचाही विश्वास कमी पडला, असे म्हणायचे का?

हे गणित एकदा मान्य केले की ते कुठे जाऊन थांबते, याचा त्या प्रचारकांनी विचार केला आहे का? क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूने हा दुःखाचा प्याला दूर कर म्हणून पित्याला विनवले आणि प्याला दूर झाला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली; काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले. त्या दोघांनाही स्वतःला तपासायला सांगणार का? जन्मांध माणसाला पाहून ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने दोन्ही नाकारले. आणि लेकरे व सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या नीतिमान ईयोबाच्या शेजारी बसून त्याचा दोष शोधणाऱ्या मित्रांवर शेवटी देवाचा कोप झाला, ईयोबावर नव्हे. आज त्या सतरंजीवर ईयोबाचा मित्रच बसला होता. आम्ही बाकीचे माना घालून बसलो, मीसुद्धा. उठून येण्यापूर्वी एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, याचा राग त्या प्रचारकांवरच्या रागापेक्षा कमी नाही.

याकोबाचे ते वचन शास्त्रात आहेच, आणि रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला प्रभूने ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले’ असे म्हटले, हेही खरे; मी ते नाकारत नाही. परंतु ते सांगणारा प्रभू होता आणि सांगितले ते बऱ्या झालेल्या बाईला. मूठमाती देऊन आलेल्या आईला ‘तुझ्या अविश्वासाने गेला’ असे तो कधी म्हणाल्याचे शुभवर्तमानात मला कुठे सापडलेले नाही. उलट, एका आजारी मुलाच्या बापाने माझा विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, तो घालवून टाका, असे रडत सांगितले, तेव्हा प्रभूने त्याला आधी संशय झटकून ये म्हणून परत पाठवले नाही. मुलगा बरा केला.

मनापासून केलेली प्रार्थना म्हणजे हेच, असे मला वाटते: देवाला खरे सांगणे. काका गेल्यावर आजीने कित्येक दिवस प्रार्थना केली नाही. आजोबा रात्री स्तोत्र वाचत, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहत असे. ८८वे स्तोत्र अंधारावरच संपते, त्यात शेवटीही आशेची ओळ नाही. ते वाचले त्या रात्री ती उठून बसली, असे आजोबा सांगत. दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपुढे ती म्हणाली, “माझं लेकरू गेलं, हे मला पटलेलं नाही. पण आज खडी फोडायला हातात बळ दे.” ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ हे तिच्या तोंडी त्यानंतर फार उशिरा आले, आणि जेव्हा आले तेव्हा ते पाठ केलेले नव्हते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. देवाने प्रार्थना ऐकली अशी मंडळीत साक्ष द्यायला लोकांनी तिला उभे केले, तर ती म्हणाली, “पाऊस समद्यांच्या रानावर पडला, माझ्या एकटीच्या नाही,” आणि बसली. हे सांगताना ती हसायची. (आजच्या साक्षी ऐकल्या असत्या तर तिने काय म्हटले असते, ते इथे लिहीत नाही.)

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. ते प्रचारक तरुण आहेत. कदाचित त्यांना शिकवलेच तसे असेल, कदाचित त्यांनी अजून कोणाला पुरलेले नसेल. त्यांच्याशी मी फोनवर बोलणार आहे, चारचौघांत नाही.

मघाशी मावशींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, “मला महिनाभर प्रार्थना करता येत नाही, बाबा. तोंड उघडलं की त्याचंच नाव येतं.” मी म्हणालो, मग तेच घ्या. त्यावर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत आणि फोनही ठेवला नाही.

बुधवारी संध्याकाळी सहाला मी त्यांच्याकडे जाणार आहे. शास्त्र बरोबर असेल, पण त्यांनी सांगितल्याशिवाय उघडणार नाही. मंडळीतल्या ज्यांना यायचे असेल त्यांनी या, आणि चहा आपणच करू.