चाल कुणीही गावी, नावं मात्र लिहावीत

नाट्यपदामागे कुणी ड्रम्स वाजवले की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस धुळवड चालते. पुण्यामुंबईकडची वडीलधारी मंडळी म्हणतात, गाण्याची वाट लावली. तिथलीच पोरं म्हणतात, मग ठेवा कपाटात कुलूप लावून. आणि आम्ही न्यू जर्सीतले मराठी लोक, ज्यांना हे पद थिएटरात ऐकून वीस-वीस वर्षं झाली, रात्री जागून दोन्हीकडून तेल ओततो. इथे राहून माझं मत मात्र तिसरीकडेच सरकलंय. त्याला कारण जुना अमेरिकन जॅझ पियानोवादक फॅट्स वॉलर.

थॉमस ‘फॅट्स’ वॉलर न्यूयॉर्कचा, जन्म १९०४. बाप धर्मोपदेश करणारा. पोरगं सहाव्या वर्षी पियानोला बसलं, दहाव्या वर्षी बापाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागलं, आणि वयात येईस्तोवर न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीत, हार्लेममध्ये, लिंकन थिएटरात मूकपटांना साथ करत होतं. गुरू जेम्स पी. जॉन्सन. डाव्या हाताने खर्जावरून मधल्या कॉर्डवर उड्या मारायच्या आणि उजव्याने वर खोड्या काढायच्या, ही ‘स्ट्राइड’ची तालीम त्याच्याकडची. पहिल्या तबकड्या १९२२ च्या, वयाच्या अठराव्या वर्षी. पुढे तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीने कॅमडेनमध्ये एक जुनं चर्च विकत घेऊन त्याचा स्टुडिओ केला होता, तिथल्या भल्यामोठ्या पाइप ऑर्गनवर त्याने १९२६-२७ मध्ये चक्क जॅझ वाजवलं. कॅमडेन आमच्या एडिसनपासून गाडीने तासाभरावर. ज्या एडिसनच्या नावाचं हे आमचं गाव, त्याने १८७७ मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज मुद्रित करणारं यंत्र, बनवला तो इथल्याच मेन्लो पार्कमध्ये. ओक ट्री रोडवर कोथिंबीर-कढीपत्ता घेताना हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

१९२९ चा उन्हाळा बघा. ‘हॉट चॉकलेट्स’ नावाचा कार्यक्रम हार्लेममधून ब्रॉडवेवर गेला. गीतं अँडी रझाफची, चाली वॉलर आणि हॅरी ब्रूक्सच्या. त्यातलं ‘एन्ट मिसबिहेविन’ ट्रंपेटवाला गायक लुई आर्मस्ट्राँगने जुलैत ध्वनिमुद्रित केलं, खुद्द वॉलरने पियानोवर ऑगस्टमध्ये. म्हणजे चाल ज्याची, त्याच्या आधी दुसऱ्याचीच तबकडी तयार. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच कार्यक्रमातलं ‘ब्लॅक अँड ब्लू’ हे मुळात एका सावळ्या बाईचं गाऱ्हाणं: उजळ रंगाच्या बायकांपुढे आपल्याला कुणी विचारत नाही, असं. आर्मस्ट्राँगने सुरुवातीचं कडवं गाळलं आणि ते साऱ्या काळ्या माणसांचं गाऱ्हाणं झालं. कडवं गाळणं म्हणजे आमच्या ग्रुपच्या हिशेबी केवढं पाप! पण आज ते गाणं जगाला ठाऊक आहे ते त्या गाळलेल्या रूपात.

वॉलर स्वतःही काही सोवळ्यातला नव्हता. १९३४ पासून त्याच्या छोट्या वाद्यवृंदाला कंपनी बाजारातली कसलीही रडकी प्रेमगीतं गायला द्यायची. हा पठ्ठ्या ती गाताना मध्येच शेरे मारायचा, लाडिक आवाज काढायचा, गीतकाराची यथेच्छ टर उडवायचा. मूळ गाण्यांपैकी बरीचशी त्या टवाळीमुळेच आज कुणीतरी ऐकतं.

हे सगळं चाललं कशाच्या जोरावर? १९०९ च्या कायद्याने अमेरिकेत ठरलं होतं की एकदा गाणं ध्वनिमुद्रित झालं की ते दुसऱ्या कुणीही मुद्रित करावं, परवानगीच्या विनवण्या नकोत, फक्त दर तबकडीमागे दोन सेंट हक्कदाराला द्यावेत. शिवाय तबकडीच्या लेबलवर गाण्याच्या नावाखाली कंसात रचनाकारांची आडनावं. पुढे गाणाऱ्याने चालीचं काय वाटेल ते केलं तरी ती आडनावं तिथेच राहायची.

आता लगेच ‘बघा, अमेरिका कशी’ म्हणून कुणी मला टाळ्या देऊ नका. त्याच उन्हाळ्यात पैशांच्या ओढाताणीत वॉलरने ‘एन्ट मिसबिहेविन’सकट वीसेक गाण्यांवरचा आपला वाटा एका प्रकाशकाला ५०० डॉलरला विकून टाकला, असं त्याचे चरित्रकार लिहितात. काळ्या रचनाकारांच्या चाली चारदोन डॉलरांत घेऊन दुसऱ्याच्या नावावर खपवणं हा तर त्या काळी राजरोस धंदा होता. १९४३ च्या डिसेंबरात रेल्वेच्या डब्यात न्यूमोनियाने तो गेला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. आणि इथल्या कायद्याची तऱ्हा अशी की ‘एन्ट मिसबिहेविन’ची रचना १ जानेवारी २०२५ ला सर्वांसाठी खुली झाली, पण त्याने स्वतः वाजवलेली १९२९ ची तबकडी २०३० उजाडेपर्यंत बंदच. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो. १९२९ साली आपल्याकडे निघालेली तबकडी केव्हाच मोकळी झाली आहे. या बाबतीत आपला कायदा उदार आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

म्हणून घरच्या वादाबद्दल मला वाटतं, आपण चुकीच्या दारावर धरणं धरून बसलोय. नाट्यसंगीताचं पावित्र्य कसलं जपायचं? ‘मानापमान’च्या चाली १९११ मध्ये गोविंदराव टेंब्यांनी बांधल्या त्या पूरबकडच्या ठुमरी-कजरीच्या ढंगावर. मराठी रंगभूमीवरचा लाडका ऑर्गनही साहेबाकडचाच. बालगंधर्वांनी वन्स मोअरला तेच पद पुन्हा घेताना काय काय बदललं, ते ऐकायला तर लोक रात्र रात्र बसत. या परंपरेला ड्रम्सने काय बाटवायचं?

तक्रार करायचीच तर दुसरी करू. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकन जॅझवाले वाजवत होते. त्यांचं ऐकून, त्यांच्यासोबत वाजवून गोव्याचे ख्रिस्ती वादक तयार झाले. हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तली (१९५१) जी गाणी आपण लग्नात नाचायला लावतो, त्यांच्या झणझणीत वाद्यमेळामागे चिक चॉकलेट होता. पण या मंडळींपैकी बहुतेकांचं नाव श्रेयनामावलीत आलं तर ‘सहायक’ म्हणून, नाहीतर नाहीच. तबकडीवर गायक आणि संगीतकार, बस्स. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) न सोडता येणारा हक्क मिळाला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले, हे चांगलंच झालं. वाद्यमेळ बांधणारे संयोजक मात्र त्यातही बाहेरच राहिले.

वॉलरच्या कुठल्याही मुद्रणाची तारीख, गाव, साथीदार, टेक कितवा, हे आज मला कॅलिफोर्नियातल्या सांताबार्बराच्या विद्यापीठाच्या सूचीत घरबसल्या सापडतं. आपल्याकडे असलं काम मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून करते आहे, मुख्यतः हौशी लोकांच्या खिशातून. ग्रुपवर ‘संस्कृती बुडाली’ लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी तिचं नाव ऐकलंय? परदेशातल्या मराठी मंडळांनी एका दिवाळी कार्यक्रमाच्या जेवणाचा खर्च जरी या कामाला दिला तरी पुष्कळ होईल. पण हे मी एका बैठकीत सुचवलं तेव्हा विषय लगेच बासुंदीवर गेला.

तेव्हा नव्या पोरांनी खुशाल ड्रम्स लावावेत, गिटार लावावी, कडवी गाळावीत. खाली पदकर्ता, चाल बांधणारा आणि मूळ तबकडीवरचे साथीदार, जेवढे सापडतील तेवढे, लिहावेत. सापडत नसतील तर शोधावेत. एवढं बोलून झाल्यावर एक मात्र सांगतो. वॉलरचं ‘हँडफुल ऑफ कीज’ परवा कुणीतरी ड्रम मशीन लावून पाठवलं, आणि मी ते पंधरा सेकंदांत बंद केलं. तर्काने मला याचं समर्थन करता येत नाही, आणि करायचंही नाही.