रवांडाचे मारेकरी अमेरिकेच्या आड लपवू नका

डाव्या वर्तुळात एक मजकूर वरचेवर फिरतो. सार असं: १९९४मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात अल्पसंख्याक तुत्सी समाजाचा वंशसंहार झालाच नाही, ते यादवी युद्ध होतं, दोन्हीकडची माणसं मेली. अमेरिकेने, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या पॉल कागामेंच्या आरपीएफला (रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट, तुत्सींची बंडखोर फौज) पुढे करून सत्ता उलथवली आणि वंशसंहाराची गोष्ट नंतर पांघरूण म्हणून रचली. मी स्वतः डाव्या चळवळीतला, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

‘आरपीएफ अमेरिकेचं प्यादं.’ यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. कागामे १९९०मध्ये अमेरिकेत लष्करी शिक्षण घेत होते आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आरपीएफ युगांडातून रवांडात शिरली. पण त्या फौजेत होतं कोण? १९५९पासूनच्या हिंसाचारात देश सोडावा लागलेल्या तुत्सींची, परमुलखात वाढलेली मुलं. घरी परतायची ओढ त्यांना वॉशिंग्टनने शिकवायची गरज नव्हती. आणि समोरच्या, बहुसंख्य हुतू समाजातले राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांच्या सरकारला शस्त्रं नि लष्करी प्रशिक्षण देत होता फ्रान्स. साम्राज्यवाद शोधायचाच, तर तिथेही शोधा की!

‘अमेरिकेला हस्तक्षेपाचं निमित्त हवं होतं.’ हे तर साफ उलटं आहे. कत्तल ऐन भरात असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव एकमताने केला. अमेरिकाही त्यात होती. तुत्सींना ‘झुरळं’ म्हणत मारायला चिथावणारं रेडिओ केंद्र विमानातून बंद पाडायची सूचना आली, तेव्हा पेंटागॉनने उड्डाणाच्या तासाला सुमारे ८,५०० डॉलर खर्च येईल असा हिशेब मांडून नकार दिला. त्या वर्षी रवांडाचं सरकार सुरक्षा परिषदेचं सदस्यही होतं. मारणाऱ्यांचा प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसत होता. जूनअखेर फ्रेंच फौज आली खरी, पण तिच्या ‘सुरक्षित क्षेत्रा’तून अनेक मारेकरी शेजारच्या झाईरमध्ये (आजचं काँगो) निसटले.

‘दोन्ही बाजूंची माणसं मेली.’ ओळखपत्र डोळ्यांसमोर आणा. बेल्जियमच्या राजवटीत सुरू झालेलं. त्यावर एक ओळ, तिथल्या तीन समाजांची: हुतू, तुत्सी, त्वा. लागू नसलेले शब्द खोडलेले. रस्त्यावरच्या नाक्यावर हे कार्ड दाखवायचं, आणि ‘तुत्सी’ शब्द न खोडलेला दिसला की माणूस बाजूला काढला जायचा. कडेवरचं मूलही सुटत नसे. ही कुठल्या आघाडीवरची चकमक? आड आलेले हुतूही मारले गेले. पंतप्रधान आगात उविलिंगियिमाना हुतूच होत्या, त्यांना ७ एप्रिललाच संपवलं. शंभर दिवसांत किमान पाच लाख माणसं गेली, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आठ लाख.

आरपीएफचे गुन्हे लपवायचं काहीच कारण नाही. एप्रिल १९९५मध्ये किबेहोच्या छावणीत तिच्या सैनिकांनी विस्थापित हुतूंवर गोळ्या चालवल्या. काँगोतल्या हुतू निर्वासितांच्या हत्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या २०१०च्या अहवालात आहे. त्याबद्दल कागामेंना जाब विचारलाच पाहिजे, पण त्यासाठी १९९४ची प्रेतं पुसावी लागत नाहीत.

राहिली ‘रचलेली गोष्ट’. त्या शंभर दिवसांतल्या हंगामी सरकारचे पंतप्रधान ज्याँ कंबांडा यांनी १ मे १९९८ रोजी टांझानियातल्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात वंशसंहाराचा गुन्हा स्वतः कबूल केला. पुढे त्यांनी कबुली मागे घ्यायचा प्रयत्न केला. २०००मध्ये ते अपील फेटाळलं गेलं आणि जन्मठेप कायम झाली.