पेन्शन त्याची, मग टॅक्सही त्याचाच!

अमेरिकन लष्करातल्या माणसाशी लग्न केलंत. बारा वर्षं एका तळावरून दुसऱ्या तळावर खोकी बांधलीत, सोडलीत, शेवटी संसारही सोडलात. "या पेन्शनमागे माझ्या अशिलाचेही कष्ट आहेत," असं वकिलाने कोर्टात ठणकावून सांगितलं आणि हिस्सा मिळवून दिला. आता दरमहा पैसे खात्यात पडतात. झकास! फक्त एप्रिल, म्हणजे टॅक्स रिटर्न भरायचा महिना, आला की हे सगळं विसरायचं. एप्रिलमध्ये पेन्शन त्याची असते. बंदूक त्याने उचलली, टॅक्सही त्यानेच उचलावा.

जानेवारीत संरक्षण खात्याच्या पगार कचेरीकडून पाकीट येईल. आत '१०९९-आर' फॉर्म: तुमचं नाव, तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर, पहिल्या चौकटीत वर्षाची रक्कम. पाकीट फोडू नका. किराण्याच्या कूपनांच्या ड्रॉवरमध्ये, अगदी तळाशी सारा. त्याची प्रत आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे जाते म्हणे, पण सरकार कुठे एवढं वाचत बसतंय! चौथ्या चौकटीत आधीच कापलेला कर असतो, रिटर्न नीट भरलं तर तो वळता होतो. होऊ दे. आपण मानी माणसं.

कोणी विचारलंच, तर "पोटगी आहे" म्हणा. २०१९ पासूनच्या घटस्फोटांत पोटगीवर केंद्राचा कर नाही, हे न्यू जर्सीच्या मावसबहिणीने अगदी बरोबर सांगितलंय. हा हिस्सा पोटगी नव्हे, वाटणी आहे आणि तो रिटर्नच्या १०४० फॉर्मवर पेन्शनच्या ओळीत तुमच्याच नावाने जातो, एवढंच सांगायचं तिच्याकडून राहिलं. (तिने स्वतः घटस्फोट घेतलेला नाही, पण अभ्यास दांडगा.)

१९८१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ही पेन्शन वाटता येणार नाही म्हटलं, तेव्हा तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९८२ मध्ये कायदा करून वाट मोकळी केली. का, तर हिस्सा बायकोचा ठरावा म्हणून. ठरला. तिथेच घात झाला.

लग्न आणि त्याची लष्करातली नोकरी अशी दोन्ही एकाच वेळी चालू असल्याची दहा वर्षं भरली नसतील, तर कचेरी तुम्हाला थेट पैसे धाडत नाही. माजी नवराच चेक लिहितो आणि सगळ्या रकमेचा फॉर्म त्याच्या नावाने निघतो. अशा वेळी कर कोणी भरायचा हे कोर्टाच्या हुकमात मुळीच लिहून घेऊ नका. दर एप्रिलला त्याला फोन करायला निमित्त उरतं.

पुढे कधीतरी आयआरएसचं 'सीपी २०००' पत्र येईल: राहिलेला कर, वर व्याज, जमलंच तर २० टक्के दंड. लगेच मावसबहिणीला फोन लावा. ती उचलणार नाही. मग ड्रॉवर उपसा. कूपनांची मुदत केव्हाच संपलेली असेल, तळाशी पाकीट मात्र कोरं करकरीत.