निसर्गमित्राचं सर्टिफिकेट आणि बांधावरची कुर्ली

गेल्या महिन्यात पोराच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. 'नेचर डे', ८५० रुपये, नाष्टा-जेवण धरून, पिवळा टी-शर्ट सक्तीचा. शाळेचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. तसंही बेळगावातल्या बऱ्याच शाळांत आता हेच चालतं.

बस जांबोटी रोडवरच्या एका रिसॉर्टला गेली. संध्याकाळी पोरगं आलं ते दमून आणि खूश होऊन. काय बघितलंस म्हटलं, तर रेन डान्स, झिपलाइन आणि पिंजऱ्यातले दोन ससे. बाहेर आषाढ कोसळत होता आणि ही मंडळी पत्र्याच्या शेडात नळाच्या पावसात नाचून आली! वर सर्टिफिकेट: 'निसर्गमित्र'. लॅमिनेट केलेलं, म्हणजे भिजायला नको.

त्यानंतरच्या रविवारी बहिणीकडं भाताची रोप लावण होती, बेळगावच्या पश्चिम भागातल्या गावात. पोराला घेऊन गेलो. भाचा सहावीला, गावच्याच सरकारी मराठी शाळेत. आम्ही पोचलो तेव्हा वरच्या मळीतलं पाणी रात्रीत उतरलेलं होतं. भावोजी म्हणाले, "बांध कुठं फुटलाय बघ जा रे." भाचा निघाला, मागून माझा पोरगा, त्याच्या मागून पँट वर सारत मी.

त्यानं कुठंही खणाखणी केली नाही. खालच्या मळीच्या कडेनं चालत गेला, एका जागी थांबला, पाण्यात पाय धरून उभा राहिला. "इथं गार लागालंय, नवीन पाणी येतंय." मग बांधावर वाकून भोक दाखवलं. "मामा, तोंडाला माती बघा, ओली हाय, गोळ्या गोळ्या. म्हणजे कुर्ली, खेकडा, आत हाय. माती सुकलेली असली की भोक जुनं. त्यात हात घालायचा न्हाई, साप असतोय." भोक बुजवायला माझं पोरगं बाहेरच्या बाजूनं चिखल थापायला लागलं, तर भाच्यानं त्याला हात धरून वर ओढलं. "पाण्याच्या अंगानं बुजवायचं. हिकडनं बुजवलास तर पाणी दुसरी वाट काढतंय." गवताचा बोळा, त्यावर चिखल, वरून टाच. पाच मिनिटांत काम झालं.

त्या आठवड्यात शाळेच्या हजेरीत भाच्याचे चार दिवस गैरहजर पडले. त्याच्या गुरुजींवर माझा राग नाही. वर्गात नसलेल्या पोराला हजर कसं दाखवणार? पण जो शिवारात शिकत होता तो गैरहजर आणि जो नळाखाली नाचला तो निसर्गमित्र, हा हिशोब मला काही केल्या लागेना.

भाचा हुशार आहे म्हणून त्याला हे कळतं असं नाही. गणितात त्याची बोंबच आहे. तो तोच बांध उन्हाळ्यात बघतो, पावसात बघतो, सुगीत बघतो, एवढंच. एकच जागा पुन्हा पुन्हा बघितली की ती बोलायला लागते. वर्षातनं एकदा बस करून नवीन जागी गेलं तर फोटो मिळतात. निसर्ग शिक्षणाबद्दल माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. लांब जाऊ नका, जवळच्या एकाच जागी जा, पण वर्षभर जा.

हे मी काही नवीन सांगत नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूकडच्या बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढं अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा काढली. पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत? मग शाळाच कुरणात न्यायची. आज आपण 'अंगणवाडी' हा शब्द दिवसातनं दहादा वापरतो, तोही या बायांनीच दिलेला. कुरणशाळा मात्र आपण विसरून गेलो.

कागदावर काही कमी नाही बरं का. १९९१ ला सुप्रीम कोर्टानं पर्यावरण विषय शाळांत सक्तीचा करायला सांगितलं. त्याचं आपण काय केलं? पुस्तक काढलं आणि प्रोजेक्ट दिला. माझ्या पोरानं 'झाडे वाचवा' थर्माकोलवर चिकटवून नेलंय, 'ए' ग्रेड मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना १० दिवस, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं जाऊन शिकायचं, असं लिहिलंय. कुंभार म्हटल्यावर आपल्याला खानापूरच आठवणार. तिथली माती, भांडी, कौलं. बेळगावातनं तासाभराची वाट. किती शाळा पोरं घेऊन गेल्या, तुम्हीच सांगा.

आणि आपल्याकडं दाखवायला काय कमी आहे हो? खानापूर तालुक्यातच कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते. सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला धरण, पुढं कूडलसंगमला कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. त्याच तालुक्यात म्हादई उगम पावते, ती पश्चिमेला गोव्यात उतरून पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांत! आमच्या पोरांना म्हादई म्हटलं की बातम्यांतला गोवा-कर्नाटकाचा पाण्याचा तंटा तेवढा माहीत. (नविलतीर्थातला नविलू म्हणजे कन्नडात मोर. मराठी शाळेतल्या पोराला हे आपोआप कळतं, गल्लीत दोन्ही भाषा असतात म्हणून. झाडापाखरांची नावं दोन-दोन भाषांत येणं ही सीमाभागातल्या पोरांची कमाई आहे, तिच्यावरून तरी भांडू नका.)

खानापूर तालुक्यातल्याच भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांतलं वटवाघूळ घ्या. राटनचं वटवाघूळ म्हणतात त्याला. १९१३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली आणि पुढं कित्येक वर्षं ते जगात फक्त इथंच सापडतं असं मानलं जायचं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. आपल्या शाळांच्या भिंतीवर पेंग्विन आहे, पांडा आहे. हे नाही. आता कुणी पोरांच्या बस घेऊन गुहेकडं निघू नका, तिथं गर्दी होता कामा नये. पण आपल्या जिल्ह्यात असं काही राहतंय एवढं तरी पोरांना सांगायला काय हरकत?

आईबाप घाबरतात, हे खरं. मीही घाबरतो. खानापूरच्या रानात अस्वल आहे, गवे आहेत, शिवारात साप आहेत. पण मी अस्वलाच्या रानात पाठवा म्हणत नाही. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत केवढी झाडं आहेत, किल्ल्याचा तलाव आहे. दर पंधरा दिवसांनी अर्धा दिवस, एकच झाड, एकच काठ, आणि वही. एवढ्याला रिसॉर्ट लागत नाही. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं उघड्यावर काढावीत म्हणून मोहीम चालवली, तीही पोरांचे चष्मे वाढायला लागले म्हणून. निसर्गप्रेम राहू दे बाजूला, डोळ्यांसाठी तरी.

दुसऱ्या बाजूनं कोण म्हणेल, शेतात राबणं म्हणजे शिक्षण होय रे? नाही. दुसऱ्याच्या शेतात रोजगाराला जाणाऱ्या बाईच्या पोरीला लावणीसाठी शाळा बुडवावी लागते, त्याला मी शिक्षण म्हणणार नाही. तिला शाळेतच बसू दे. फक्त तिला जे येतं त्याला त्या वर्गात किंमत असू दे. भात कसं लावतात हा धडा आला की बाईंनी तिला पुढं बोलवावं.

शिवार किती दिवस राहील हा आणखी वेगळा विषय. शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागातल्या बासमतीच्या जमिनीतनं हलगा-मच्छे बायपास जातोय, शेतकरी किती वर्षं भांडताहेत ते आपण बघतोय. त्यावर लिहायला बसलो तर ही पोस्ट संपायची नाही.

तर मी ठरवलंय. पुढच्या रविवारपासून, दर दुसऱ्या रविवारी सकाळी ७ ला, बहिणीच्या शेतावर. तोच बांध, सुगीपर्यंत. गल्लीतली चार पोरं तयार झाली आहेत, गाडीत अजून दोघांची जागा आहे. भाच्यानं मास्तर व्हायला होकार दिलाय, फी म्हणून मिसळ मागितली आहे. पैसे नकोत, टी-शर्ट कुठलाही चालेल, जुनाच घाला. पँट गुडघ्यापर्यंत वर जाणारी हवी. आणि परतीला चिखलाची पोरं गाडीत बसतील, तेव्हा सीटवर टाकायला जुनं पोतं कुणाकडं असलं तर आणा.