पहिल्याच्या खाली गिअर नसतो

नमस्कार,

चौदा दातांच्या स्प्रॉकेटवरच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसलो, आणि राग तुमच्यावरून माझ्यावर सरकला. चार ओळींत उरकण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून सविस्तर उत्तर.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी: माझी गाडी २५० सीसी, सिंगल सिलिंडर, पाच गिअरची. मी तिचं पुढचं १५ दातांचं स्प्रॉकेट काढून १४ चं बसवलं, मागचं ४५ चं तसंच ठेवलं (म्हणजे चाकाच्या तेवढ्याच फेऱ्यांना इंजिन आता थोडं जास्त फिरतं), आणि 'रोजच्या वापरात गाडी सुधारली, अ‍ॅव्हरेजही पडलं नाही' असं ठोकून दिलं. तुमचं म्हणणं असं: अ‍ॅव्हरेजचा दावा खोटा, कारण मीटरच चुकीचा झालाय. कंपनीचे इंजिनिअर काय झोपा काढत होते? इंजिन जास्त फिरणार म्हणजे लवकर झिजणार, चेन लवकर जाणार. आणि मुळात गाडी ओढत नसेल तर एक गिअर खाली घ्यावा, स्प्रॉकेटला हात कशाला लावायचा? जाता जाता तुम्ही हेही सांगितलंत की तुमच्याकडे हीच गाडी आहे, पुढे १६ चं स्प्रॉकेट आहे, आणि त्याने 'अ‍ॅव्हरेज काही वाढलं नाही, ३८ चं ३८ च', पण लांबच्या प्रवासात इंजिन शांत चालतं.

अ‍ॅव्हरेजचं आधी, कारण तिथे मी सपशेल आडवा झालोय.

आपल्या गाडीत वेगाचा सेन्सर चाकावर नाही, गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर आहे. म्हणजे मीटर चाकाचे फेरे मोजतच नाही. तो शाफ्टचे फेरे मोजतो आणि पुढे १५, मागे ४५ दात आहेत असं धरून किलोमीटर दाखवतो. मी पुढे १४ लावले हे त्याला कोण सांगणार? बदलानंतरची टाकी भरली तेव्हा मीटरवर ३४१ किलोमीटर होते आणि पेट्रोल गेलं ९.६ लिटर. भागाकार साडेपस्तीस. आधी ३५ मिळायचं, म्हणून मी खूश. खरं अंतर काढायला ३४१ ला १४ ने गुणून १५ ने भागायचं होतं: ३१८ किलोमीटर. अ‍ॅव्हरेज ३३.१. म्हणजे अर्धा किलोमीटर वाढलेलं नाही, जवळजवळ दोन किलोमीटरनी पडलंय. स्प्रॉकेट बदलल्यावर मीटर पुढे पळतो, हे मीच त्याच लेखात तीन परिच्छेद आधी लिहिलं होतं. तरी हिशोब करताना विसरलो. माणसाला हवा तो आकडा समोर आला की तो परत तपासत नाही, त्यातला प्रकार.

एक गंमत मात्र हा हिशोब करतानाच सापडली. हा मीटर अंतराबद्दल खोटं बोलतो, पण इंजिनबद्दल खरं बोलतो. एखाद्या गिअरमध्ये शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे ठरलेले असतात, त्यात स्प्रॉकेटचा संबंध नाही. त्यामुळे मीटरवरच्या दर किलोमीटरमागे त्या गिअरमध्ये इंजिन आधी जेवढं फिरायचं तेवढंच आजही फिरतं. ऑइल मीटर बघून बदललं तर योग्य वेळीच बदललं जाईल. फसगत होईल ती टायरच्या हिशोबात आणि गाडी विकताना, कारण न चाललेले किलोमीटर चालले म्हणून दिसतील.

झिजण्याच्या मुद्द्याचं थोडं उत्तर यातच आलं. तेवढ्याच खऱ्या अंतराला, त्याच गिअरमध्ये, इंजिन ७ टक्के जास्त फिरणार हे कबूल. पाचव्यात ६० ला ४,२०० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) असायचे, आता ४,५०० आहेत. पण इंजिन फक्त फेऱ्यांनी झिजत नाही. मोठ्या सिंगलला २,५०० वर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पिळला की प्रत्येक ठोका चेनमधून, मागच्या हबच्या रबरांतून मांडीपर्यंत जाणवतो. तो मार ४,५०० वर गुळगुळीत फिरण्यापेक्षा बरा, असं मला तरी वाटत नाही.

आता तुमचा सगळ्यात भारी मुद्दा: एक गिअर खाली घ्या.

टॉप गिअरपुरतं तुमचं शंभर टक्के खरं. आपल्या चौथ्या आणि पाचव्यात सुमारे २० टक्क्यांचा फरक आहे. एका दाताने फरक पडतो ७ टक्के, म्हणजे एका गिअरच्या एकतृतीयांश. ज्याची तक्रार फक्त 'पाचव्यात ५० ला गाडी ओढत नाही' एवढीच आहे, त्याने स्प्रॉकेट बदलणं म्हणजे पायाने होणारं काम पान्याने करणं. चौथा टाकावा आणि जावं. माझ्या लेखात हे असं स्पष्ट यायला हवं होतं, आलं नाही.

पण माझी तक्रार पाचव्याची नव्हतीच. पहिल्याची होती. आणि पहिल्याच्या खाली गिअर नसतो.

रोज सकाळी मी ज्या गर्दीतून जातो ती थांबत नाही आणि चालतही नाही. ती सरकते, आठ-नऊच्या वेगाने. पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, गाडी न गचकता चालायला तिला साधारण १,८०० आरपीएम लागतात. १५ दातांवर ते ९ किलोमीटर वेगाला यायचे. त्याच्या खाली गेलं की क्लच अर्धवट दाबून ठेवायचा. गर्दी ८.५ ने सरकत असली की अर्धा तास डाव्या हाताची बोटं लिव्हरवर, आणि क्लचप्लेट घासत राहते ती वेगळीच. १४ लावल्यावर तोच आकडा ८.४ वर आला. कागदावर हा फरक हास्यास्पद आहे, मान्य. ०.६ किलोमीटर! पण ती गर्दी नेमकी याच पट्ट्यात सरकते. आधी मी सतत त्या रेषेच्या खाली होतो, आता बराच वेळ वर असतो. घरी पोचल्यावर मनगट दुखत नाही, एवढाच माझा पुरावा.

दुसऱ्या-तिसऱ्याचं तसंच. माझ्या रस्त्यावर गर्दी सुटली की सगळे २८ ते ३० ने चालतात. तिसऱ्यात ३,००० च्या खाली आपली गाडी हिसके देते, आणि १५ वर ते ३,००० बरोबर ३० ला यायचे. त्यामुळे २८ ला तिसऱ्यात हिसके, आणि दुसऱ्यात टाकावी तर ३,८०० वर इंजिन ओरडतंय, मूठ जरा सोडली की गाडी नाक खाली घालते. तुम्ही म्हणाल, दुसऱ्यात चालव की. चालवत होतो. दिवसातून साठ वेळा दुसरा-तिसरा-दुसरा करत होतो. आता तिसरा २८ ला बसतो, आणि मी तिसऱ्यात टाकून विसरतो.

मला जे म्हणायचं होतं ते एवढंच, आणि लेखात मी ते 'पिकअप वाढला, गाडी हलकी झाली' अशा बढायांखाली गाडून टाकलं. स्प्रॉकेटने ताकद वाढत नाही. चाकाला मिळणारा जोर ७ टक्के वाढतो, आणि प्रत्येक गिअरचा पल्ला तेवढाच आखडतो. इंजिन आहे तेच राहतं. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एकदम थोड्या खाली सरकतात. तुमचा पाय रोज जिथे पडतो तिथे पायरी येते का, हा प्रश्न. माझ्या येते. तुमचा रोजचा प्रवास मोकळ्या रस्त्यावर ८०-९० चा असेल, तर माझं गिअरिंग तुम्हाला शिक्षा वाटेल.

इंजिनिअर झोपा काढत नव्हते, हेही यातच आलं. त्यांना एकच आकडा निवडायचा असतो. एकटा बसणारा आणि डबलसीट जाणारा, चढ आणि सपाटी, आवाजाची चाचणी, प्रदूषणाची चाचणी, जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज, टॉप स्पीड, सगळं त्यात बसवायचं. एकच इंजिन दोन मॉडेलांत घालताना तेच लोक मागचे दात बदलतात. मग मी माझ्या एका रस्त्यासाठी एक दात बदलला तर त्यांचा अपमान कसा झाला?

चेनच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, आणि मला वाटतं तुम्ही जरा कमीच बोललात.

१५ दातांवर प्रत्येक लिंकला २४ अंश वळावं लागतं, १४ वर २५.७. दातांचं वर्तुळ लहान झालं की तोच जोर द्यायला चेनला ७ टक्के जास्त ताण सोसावा लागतो. त्यात आपली चेन ११२ लिंकची. १४ आठे ११२! १५ वर प्रत्येक दाताला आळीपाळीने सगळ्या लिंक भेटायच्या. आता ठरावीक दाताला त्याच त्या आठ लिंक भेटतात, चेन काढून परत घालेपर्यंत. एखादी लिंक खराब असली तर तिची शिक्षा एकाच दाताला. व्यवहारात याने किती बिघडतं माहीत नाही म्हणून पुढे जातो, पण हे गणित दिसल्यापासून मला ते खटकतंय.

याहून खटकणारी गोष्ट डोळ्यांनी दिसली. गेल्या आठवड्यात तुमची प्रतिक्रिया वाचून पुढचं कव्हर उघडलं. आत नेहमीचा काळा चिखल, ग्रीस आणि माती मिळून झालेला, स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढला. त्याखाली स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला प्लास्टिकचा स्लायडर असतो, ज्यावरून चेनची वरची बाजू जाते. त्यावर दोन समांतर चर पडलेत, नखाने चाचपले तर नख अडकतं इतके. १५ असताना तिथे नुसती चकाकी होती. कारण साधं आहे: आपल्या ५२० मापाच्या चेनला १४ दातांचं वर्तुळ त्रिज्येत अडीच मिलिमीटर लहान, म्हणजे चेन तिथे अडीच मिलिमीटर खालून धावते आणि स्लायडरवर टेकते. उद्या कुणी १३ लावायचं म्हणालं तर त्याने आधी हा स्लायडर बघावा. तो पूर्ण कापला गेला की पुढे स्विंगआर्मचं धातू आहे.

चेन मोजलीसुद्धा. नवी असताना २० लिंक ३१७.५ मिलिमीटर भरतात, माझ्या ३१९.५ भरल्या. अजून जीव आहे. पण ही चेन संपली की मी पुढे परत १५ घालणार आणि मागे ४८. गुणोत्तर (मागचे दात भागिले पुढचे) ३.२० येतं, आजच्या ३.२१ च्या जवळजवळ तेवढंच, आणि चेन स्लायडरवर घासत नाही. सुरुवातीलाच हे का केलं नाही? आळस. पुढचा एक दात कमी केला की चाक साडेतीन मिलिमीटर मागे ओढून चेनचा ताण जुळतो, जुनी चेन चालते. मागे तीन दात वाढवले तर चाक सुमारे १३ मिलिमीटर पुढे यायला हवं. तेवढी जागा चाकाचा आस सरकतो त्या खाचेत नाही, म्हणून दोन लिंक जास्तीची नवी चेन लागते. मी स्वस्तातला आणि तासाभराचा मार्ग घेतला, आणि लेखात तोच शहाणपणाचा म्हणून मांडला.

तासाभराचा तरी कुठे? तुमच्या चेष्टेसाठी सांगतो. पुढचा नट सैल न करता मी आधी चेनच उतरवली. मग शाफ्ट धरायला काही उरलं नाही, पाना लावला की सगळं गरगर फिरतंय. चेन परत चढवली, गिअरमध्ये टाकली, मुलाला मागच्या ब्रेकवर उभं केलं, लॉक वॉशरचा वळवलेला कान छिन्नीने सरळ केला, आणि मग नट निघाला.

मूळ लेखातलं अ‍ॅव्हरेजचं वाक्य आज खोडलं आहे, खाली ३३.१ चा हिशोब टाकला आहे. स्लायडरचा फोटोही लावतो.

आता तुमचं १६. तुमचाही सेन्सर शाफ्टवरच आहे, फक्त तुमचा मीटर उलट्या बाजूने चुकतो. त्याने दाखवलेले ३८ म्हणजे खरे साडेचाळीस, त्यामुळे तुमचं अ‍ॅव्हरेज वाढलंय, तुम्हाला कळलं नाही एवढंच. पण तोच हिशोब काट्यालाही लागतो. तो ८० दाखवतो तेव्हा, कंपनीतून निघताना तो बिनचूक होता असं धरलं तर, तुम्ही ८५ ने चाललेले असता. काटे मुळात थोडं जास्तच दाखवतात, त्यामुळे फरक कदाचित एवढा नसेल. एकदा फोनवरचा जीपीएस लावून सपाट रस्त्यावर ताडून बघा आणि आकडा इथे कळवा. माझा मीटर ६४ दाखवतो तेव्हा फोन ५८ म्हणतो.